"चार भाषा येतात ना? मग युनोत जा!" : त्या फॉरवर्डला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. नातेवाइकांच्या ग्रुपवर, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर, एवढंच काय, केळी व्यापाऱ्यांच्या ग्रुपवरसुद्धा. ज्यांच्यापर्यंत अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते: "यूपीएससीत वर्षं घालवू नका, युनोत सायमल्टेनियस इंटरप्रिटर व्हा. दोन भाषा आल्या की झालं. हिंदीला युनोची मान्यता मिळाली, आता हजारो जागा निघणार. अर्धा तास काम, अर्धा तास आराम. जगातल्या नेत्यांच्या कानाशी बसायचं, निर्णय त्यांच्या शब्दावर फिरतात. आणि खानदेशी मुलांना तर अहिराणी, मराठी, हिंदी, गुजराती घरातच येतात, म्हणजे अर्धी तयारी झालेलीच!" खाली सहा महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सची लिंक. वर फोटो: दोन राष्ट्रप्रमुख खुर्च्यांवर, आणि त्यांच्या मधे जरा मागे वही घेऊन बसलेली एक बाई.

माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं, आणि मी रशियन, इंग्रजी, हिंदी या भाषांत दुभाषी म्हणून काम करते. त्यामुळे "ताई, हे तुमच्याच लाइनचं ना?" म्हणत हा मेसेज माझ्याकडे सगळीकडून आला. लाइन माझीच आहे. मेसेज लिहिणाऱ्याने ती लांबून पाहिलेली दिसते.

फोटोपासूनच सुरू करू. वहीवाली बाई सायमल्टेनियस करतच नाहीये. नेता दोन-चार मिनिटं बोलतो, थांबतो, मग ती वहीतल्या खुणांवरून त्याचं बोलणं दुसऱ्या भाषेत मांडते. त्याला कन्सेक्युटिव्ह म्हणतात. सायमल्टेनियस म्हणजे वक्ता बोलत असतानाच, दोन-चार सेकंद मागे राहून, दुसऱ्या भाषेत बोलत राहणं. ही माणसं सहसा फोटोत येत नाहीत. ती सभागृहाच्या कडेला काचेच्या बूथमध्ये असतात. (बूथ म्हटलं की आपल्याकडे मतदान केंद्रच आठवतं. हा त्याहून खूप लहान असतो, आणि आतला पंखासुद्धा आवाज न करणारा लागतो, नाहीतर माइक तो आवाज पकडतो.)

"दोन भाषा आल्या की झालं."

हे खरं असतं तर जर्मनीतल्या न्यूरेंबर्गला एवढी धावपळ झाली नसती. 20 नोव्हेंबर 1945 ला नाझी नेत्यांवरचा खटला सुरू झाला तो इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन अशा चार भाषांत. एकामागून एक भाषांतर करत बसलं असतं तर खटला कधी संपलाच नसता, म्हणून कर्नल लेऑन दोस्तेर यांनी कानाला हेडफोन लावून लगोलग भाषांतर करायची यंत्रणा उभी केली. त्यासाठी माणसं निवडायला घेतली तेव्हा उत्तम भाषा येणारे, शिकलेसवरलेले कितीतरी जण चाचणीतच गळले. भाषा येत होती. ऐकता ऐकता बोलणं जमत नव्हतं. शेवटी बारा-बारा जणांच्या तीन तुकड्या केल्या, आणि बोलणाऱ्यासमोर दिवे बसवले. पिवळा लागला की सावकाश बोला, लाल लागला की थांबा. पुढे 1947 मध्ये युनोच्या महासभेने ही पद्धत कायमची स्वीकारली.

आता युनोतलं गणित. अधिकृत भाषा सहा: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश. पूर्ण बैठकीला 14 दुभाषी लागतात. इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश या बूथमध्ये दोन-दोन. अरबी आणि चिनीत तीन-तीन, कारण ते दोन्ही दिशांनी काम करतात. बाकीचे बहुतेक करून आपल्या मुख्य भाषेतच बोलतात आणि इतर भाषा फक्त ऐकतात. इंग्रजी बूथमध्ये बसायचं तर इंग्रजी अगदी जन्मभाषेच्या तोडीची हवी, वर साधारणपणे फ्रेंच आणि त्याशिवाय रशियन किंवा स्पॅनिश कानाने पक्की हवी. चिनी प्रतिनिधी बोलतो तेव्हा रशियन बूथ चिनी बूथमधून येणारी इंग्रजी ऐकून रशियनमध्ये सांगतो, याला रिले म्हणतात. म्हणजे एकाची चूक एका वेळी कितीतरी देशांच्या कानात जाते. मराठी आणि हिंदी या दोन भाषांवर या रचनेत बसायला खुर्ची नाही. कटू आहे, पण मुलांना हे फी भरण्याआधी कळलेलं बरं.

"हिंदीला मान्यता मिळाली, हजारो जागा."

10 जून 2022 ला महासभेने बहुभाषिकतेवर एक ठराव केला आणि त्यात हिंदी, बांगला, उर्दूचा उल्लेख आला, हे खरं. पण तो युनोची माहिती या भाषांमध्येही लोकांपर्यंत पोचवण्याबद्दल आहे. त्याआधी 2018 पासून भारत सरकारच्या पैशातून युनोच्या बातम्या हिंदीत देण्याचा प्रकल्प चालूच आहे. अधिकृत भाषा सहाच्या सहाच आहेत. शेवटची वाढली ती अरबी, 1973 मध्ये.

मग वाजपेयींनी हिंदीत भाषण केलं ते कसं? 4 ऑक्टोबर 1977 ला परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांनी महासभेत हिंदीत भाषण केलं आणि आपल्याकडे अजून त्याचा अभिमान आहे. महासभेचा नियम असा, की सहा भाषांबाहेरच्या भाषेत खुशाल बोला, मात्र त्यापैकी एका भाषेतल्या भाषांतराची सोय तुमच्या शिष्टमंडळाने करायची. आपण इंग्रजीची करतो, आणि बाकीचे बूथ त्या इंग्रजीवरून पुढे नेतात. यात हिंदी-इंग्रजी दुभाष्याला काम आहे, पण ते भारत सरकारचं, आणि वर्षातून मोजक्या वेळा. हजारो जागा कुठून काढल्या, ते लिंकवाल्यालाच माहीत.

"अर्धा तास काम, अर्धा तास आराम."

या वाक्याने मला सगळ्यात जास्त हसू आलं. वीस-तीस मिनिटांनी माइक बदलतात हे बरोबर आहे. त्यापुढे डोकं साथ देत नाही. चुका वाढतात आणि गंमत म्हणजे त्या आपल्या आपल्याला ऐकू येत नाहीत. पण ज्याचा माइक बंद आहे तो आराम करत नसतो.

एक प्रसंग सांगते. दिल्लीतली बैठक, मंत्रालयाचे एक अधिकारी हिंदीतून लेखी भाषण वाचत होते. लेखी भाषण हा आमचा शत्रू, कारण माणूस वाचताना श्वासच घेत नाही. "तीन करोड़ पचहत्तर लाख परिवार," ते म्हणाले. रशियनमध्ये लाख-कोटी नाहीत. डोक्यात दशलक्ष करायचे, तोंडाने आधीचं वाक्य संपवायचं, आणि कान पुढच्या टक्केवारीवर ठेवायचा, कारण साहेब तिथे पोचलेलेसुद्धा. त्या क्षणी शेजारच्या बाईंनी कागदावर ठसठशीत 37.5 लिहून माझ्या नाकासमोर धरला. त्यांचा तो "आराम" चालला होता! आकडे, माणसांची नावं, संस्थांची लघुरूपं यांना मागचापुढचा संदर्भ नसतो, अंदाजाने भरता येत नाहीत. म्हणून दुसरा माणूस लिहीत राहतो, कागदपत्रात परिच्छेद शोधून पुढे सरकवतो, चुकलं तर खूण करतो. खोकला आला तर माइक तेवढ्यापुरता बंद करायचं एक बटण असतं, त्यावर बोट ठेवून बसायची सवय लागते.

युनोत कायम नोकरीतल्या दुभाष्याला आठवड्याला साधारण सात बैठका असतात, एकेक तीन तासांची. ऐकायला कमी वाटतं. पण आज मासेमारीचं अनुदान, उद्या भूसुरुंग, परवा अर्थसंकल्प समिती, आणि प्रत्येकाचा गठ्ठा आदल्या रात्री वाचायचा. वेळेचं बंधन वक्त्यांना असतं ते कागदावर. क्युबाचे फिडेल कॅस्ट्रो 1960 मध्ये महासभेत साडेचार तास बोलले, ते सगळं बूथमधूनही गेलं. कोविडनंतर ऑनलाइन बैठका वाढल्या आणि खराब आवाजामुळे कॅनडाच्या संसदेतल्या दुभाष्यांच्या कानांना इजा झाल्या; 2022 मध्ये एका दुभाष्याला बैठकीतून थेट दवाखान्यात न्यावं लागलं.

पगाराचं म्हणाल तर कायम नोकरीत तो चांगला आहे. त्यात मेसेज खोटं बोलत नाही. पण आमच्यातले पुष्कळ जण फ्रीलान्स असतात, दिवसाच्या मेहनतान्यावर. परिषदांचा हंगाम असतो तेव्हा झोप नाही, आणि नसतो तेव्हा फोन वाजत नाही.

"निर्णय त्यांच्या शब्दावर फिरतात."

उलट आहे. दुभाषी "मी" म्हणतो तेव्हा तो "मी" वक्त्याचा असतो. प्रतिनिधी चिडून बोलला तर चिडकंच सांगायचं, खोटं बोलतोय असं कळलं तरी तसंच सांगायचं. आपलं मत बूथच्या बाहेर चपलांबरोबर. आणि जे ऐकलं ते बाहेर बोलायचं नाही. 2018 मध्ये हेलसिंकीला ट्रम्प आणि पुतिन जवळजवळ दोन तास बंद खोलीत बोलले, सोबत फक्त दुभाषी. आत काय झालं ते कळावं म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसमधल्या काही जणांनी ट्रम्प यांच्या दुभाषी बाईंनाच साक्षीला बोलवा अशी मागणी केली. बोलावलं गेलं नाही. या धंद्यातल्या बहुतेकांना ते योग्यच वाटलं, कारण एकदा तो पायंडा पडला की पुढे कोणता नेता दुभाष्यासमोर मोकळं बोलेल?

"खानदेशी मुलांना चार भाषा घरातच येतात."

हा मुद्दा मला आवडतो, आणि म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवं. आपल्याकडे भाषा खरोखर दाटीवाटीने राहतात. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. सावद्याचा केळी व्यापारी घरात लेवा गणबोली बोलतो, वखारीत मराठी, आणि ट्रकवाल्याशी हिंदी. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत वाढलेल्या पोराच्या कानावर काय काय पडतं त्याची गणतीच नको.

पण तो व्यापारी एका वेळी एकच भाषा बोलतो, आणि तीही सरमिसळ. "गाडी लोड हो गई का रे?" हे वाक्य भुसावळात बिनतक्रार चालतं. बूथमध्ये ते चालणार नाही. तिथे दोन भाषांच्या मधली भिंत पक्की हवी, आणि आपली सवय नेमकी ती भिंत पाडून टाकण्याची. मी शिकत असताना माझं सगळ्यात जास्त रक्त आटलं ते इथे. रशियन व्याकरण त्यापुढे सोपं गेलं. गुरुजी म्हणायचे, तुझी हिंदी आधी मराठीतून बाहेर काढ.

फायदा दुसराच आहे, तो मेसेजवाल्याला दिसलेला नाही. युनोत 193 देश आहेत आणि त्यातले खूप जण इंग्रजीत बोलतात, पण प्रत्येकाची इंग्रजी वेगळी. ज्याच्या कानाला अहिराणी, तावडी, पावरी, गुजराती हेल लहानपणापासून ओळखीचे आहेत तो अनोळखी उच्चाराला लवकर बिचकत नाही. शाळेत अहिराणी बोलल्यावर डोळे वटारणाऱ्या मास्तरांना हे कुणीतरी सांगायला हवं.

जाता जाता: नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे डॉक्टर मराठी बोलतो, पेशंट पावरी किंवा भिली, आणि मधे उभी राहते ती गावची आशा सेविका नाहीतर शेजारची शाळकरी मुलगी. तिला ना हेडफोन, ना वीस मिनिटांनी बदली, ना वेगळा मोबदला. खानदेशातले खरे कामावरचे दुभाषी बघायचे तर तिथे बघा. त्यांच्यावर कुणी मेसेज फिरवत नाही.

ग्रुपवर याच्या उलट टोकाचेही लोक आहेत: "आता एआय आलंय, हे कामच संपलं." छोट्या कामांवर परिणाम होतोय, मला स्वतःला जाणवतोय, फॅक्टरी भेटीला आलेले पाहुणे आता फोन पुढे करतात. पण जिथे एका वाक्यावरून तह अडतो तिथे बोललेल्याची जबाबदारी घेणारा माणूस लागतो, आणि गुप्त बोलणं कुणाच्या सर्व्हरवर गेलेलं कुणालाच नको असतं.

मग करायचं काय? दारं आहेत, फक्त फोटोतली नव्हेत. लोकसभेत 1964 पासून सायमल्टेनियसची सोय आहे आणि तिथे मराठीलाही काम आहे. परराष्ट्र मंत्रालयाचे स्वतःचे दुभाषी असतात. एखादी परभाषा मुळापासून शिकायची तर पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट, दिल्लीत जेएनयू, हैदराबादला इफ्लू (इंग्रजी आणि परभाषांचं विद्यापीठ). तिथे वर्षं जातात, महिने नव्हे. दुभाषीपणाचं खास शिक्षण त्यानंतरचं.

आणि पैसे न भरता एक चाचणी आजच करता येईल. आकाशवाणीचं मराठी बातमीपत्र लावा आणि दोन सेकंद मागे राहून मराठीतच मोठ्याने बोलत राहा. भाषांतर नको, नुसतं मागोमाग. पाच मिनिटं जमलं की तेच करत करत कागदावर शंभरपासून उलटे आकडे लिहा. तेही जमलं तर कोर्सवाल्याला फोन लावा आणि विचारा: तुमच्याकडे बूथ आहे का? शिकवणारे कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत काम करतात, आणि शेवटचं काम कुठे केलं? प्रवेशाआधी चाचणी घेता का, आणि किती जणांना परत पाठवता? शेवटच्या प्रश्नाला "आम्ही सगळ्यांना घेतो" असं उत्तर आलं, तर फोन ठेवून द्या.