पासिंगच्या दिवसाची गाडी

खान्देशात मे महिन्यात शहाणा माणूस दोनच कारणांनी घराबाहेर पडतो, लग्न किंवा मयत. आमच्या घराला तिसरं कारण आहे, पासिंग, म्हणजे गाडीची आरटीओत होणारी तपासणी.

आमची पिकअप २०११ सालची. वडिलांनी आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, मुहूर्त धरून घेतली. मुहूर्त चांगलाच होता म्हणायचा. गाडीने आजवर कोणाला मारलं नाही आणि आम्हाला पुरतं बुडवलंही नाही. पण मुहूर्त सांगणाऱ्या गुरुजींना मोटार वाहन नियमांची कल्पना नसावी. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दोन वर्षांनी तपासून घ्यायची आणि पुढे दरवर्षी, असा नियम आहे. त्यामुळे आखाजीला लेकीबाळी माहेरी येऊन झोक्यावर गाणी म्हणत असतात, घरात रस-पुरणपोळीचा घाट असतो, आणि मी जळगावात पंचेचाळिसाकडे निघालेल्या पाऱ्याखाली, बॉनेटला टेकायचं नाही हे पुन्हा पुन्हा विसरत उभा असतो.

एरवी गाडीबद्दल माझी काडीची तक्रार नाही. पारोळा-एरंडोल-जळगाव हा तिचा रोजचा रस्ता. कापूस, कांदा, भरताची वांगी, प्रसंगी वऱ्हाड (हे साहेबांना सांगायचं नाही). डावं दार आतून उघडत नाही. वायपर पाऊस थांबला की चालू होतो. हॅन्डब्रेक कंपनीने दिलेला आहे, पण चढावर आम्ही मागच्या चाकाखाली वीट लावतो. ती सीटखाली असते आणि घरात तिलाच हॅन्डब्रेक म्हणतात. "हॅन्डब्रेक आण रे" म्हटलं की पोरगा वीट घेऊन येतो. मात्र हॉर्न असा आहे की फाट्यावर वाजवला तर घरी चहाचं आधण चढतं. आणि इतकं सगळं असून गाडी भर रस्त्यात रुसून बसली, असं कधी झालेलं नाही. पण न रुसण्याचे गुण द्यायला तपासणीच्या कागदावर रकानाच नाही.

पासिंग जवळ आली की आमचे मिस्त्री, ज्यांना अख्खा तालुका आबा म्हणतो, गाडीखाली शिरतात. बराच वेळ नुसते त्यांचे पाय दिसतात. मग खालून आवाज येतो, "नाना, हाई गाडी कसावर चाली राह्यनी?"

"देवावर," मी म्हणतो.

देवाच्या खात्यावरच्या काही गोष्टी आबा लगेच आपल्याकडे घेतात. ब्रेकचे लायनर नवे, टायरॉडचा एन्ड नवा, पाट्याचं तुटलेलं पान बदललेलं. या बाबतीत ते घासाघीस ऐकून घेत नाहीत आणि मीही करत नाही. घाटात ब्रेकच्या जागी आबांचा सल्ला दाबता येत नाही. प्रश्न उरतो तो बाकीच्या साजाचा.

टायरच्या नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, असं नियम सांगतो. आमच्या मागच्या टायरांवर एकेकाळी नक्षी होती, हे आठवणारी माणसं अजून गावात आहेत. नवी जोडी कापसाचे पैसे आले की घ्यायची, हे दरवर्षी ठरतं आणि कापूस दरवर्षी ते मोडतो. मग शेजारच्या आप्पांच्या नव्या पिकअपची मागची चाकं येतात. आग विझवायचं नळकांडं चुलतभावाच्या जिनिंगमधून, औषधांची पेटी शाळेच्या व्हॅनमधून, आणि स्टेपनी जिच्याकडे हवा असेल तिच्याकडून. आमचं स्वतःचं म्हणाल तर रेडियमच्या पट्ट्या, पुढे पांढऱ्या, मागे लाल, बाजूंना पिवळ्या, आणि ती नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. पूर्वी दिपोटी साहेब शाळा तपासायला यायचे तेव्हा पट भरायला शेजारच्या गावची पोरं आणून बसवत, तशी आमची गाडी त्या दिवशी पटावर शंभर टक्के हजर असते.

रांगेत पुढचे-मागचे सगळे असेच. एक डंपरवाला दुसऱ्याला विचारत होता, "तुझं झालं की आरसा देशील का?"

आमचा नंबर लागला. साहेब आले, कपाळाचा घाम पुसून म्हणाले, "चेसिस नंबर दाखवा." आता चेसिस नंबर म्हणजे गाडीचं खरं नाव, पोलादात ठोकलेलं. तो आमच्या गाडीत ग्रीस, धूळ आणि कापसाचे तंतू यांच्या एका जाड थराखाली राहतो. पोरगा आडवा होऊन पॉलिश पेपरने घासायला लागला. आधी काळं निघालं, मग तांबडं, मग एक आकडा उजाडला. तो तीन की आठ यावर थोडी चर्चा झाली. मग कागद लावून वर पेन्सिल फिरवली, तशी अक्षरं एकेक करून कागदावर उमटली. साहेबांनी आरसीशी ताडून पाहिली. सबंध तपासणीत गाडीचं स्वतःचं असं जे काही तपासलं गेलं, ते हेच.

मग ते मागे गेले आणि चाकांपाशी थांबले.

"टायर गाडीपेक्षा बरेच तरुण दिसतात."

"हो साहेब, कालच बसवले." यात खोटं काहीही नव्हतं.

वायपर लावायला सांगितला. बाहेर ढगाचा मागमूस नव्हता, तेव्हा तो लगेच चालला. "हॉर्न द्या." दिला. पलीकडच्या रिक्षातला झोपलेला माणूस उठून चालायला लागला. साहेबांनी हाताने पुरे, पुरे केलं.

राहिला ब्रेक. त्यासाठी अडीचशे मीटरचा सरळ ट्रॅक असतो. तिथे गाडी पळवायची आणि खूण केली की दाबायचा. साहेब शेजारी बसले. (त्यांना दार बाहेरून लावून दिलं. ही आमच्याकडची पाहुणचाराची पद्धत आहे, असा त्यांचा समज झाला असावा.) मी गिअर टाकत गेलो, त्यांनी हात वर केला, मी दाबला. गाडी अशी जागेवर उभी राहिली की आबांच्या हाताला नमस्कार करावा. फक्त सीटखालची वीट तशीच पुढे सरकली आणि साहेबांच्या बुटाला जाऊन लागली.

"हे काय?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात खिडकीशी धावत आलेल्या पोराने प्रामाणिकपणे सांगितलं, "हॅन्डब्रेक."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. मग स्वतः हात घालून खरा हॅन्डब्रेक ओढला आणि म्हणाले, "आता सोडा क्लच." आबांनी आदल्या दिवशी तार आवळली होती. इंजिन गुरगुरून बंद पडलं, गाडी हलली नाही. साहेबांनी कागदावर खूण केली, आणि दाराची आतली कडी दोनदा ओढून माझ्याकडे पाहिलं. मी धावत जाऊन बाहेरून दार उघडलं.

गाडी पास झाली, म्हणजे वर्षभरासाठी फिटनेस मिळालं. आता ठिकठिकाणी यंत्राने तपासणारी केंद्रं उभी राहताहेत. तिथे चाकं रोलरवर फिरतात, ब्रेकचा जोर पडद्यावर आकड्यात दिसतो, त्यात माणसाची भीडमुर्वत नाही. यंत्राच्या हुशारीबद्दल मला आदर आहे. पण चाकं कोणाची आहेत हे रोलरला कोण सांगणार? यंत्र असो की माणूस, तपासतो त्या दिवशीची गाडी. उरलेले दिवस गाडी, आबा आणि मी आपसांत बघून घेतो.

परतीच्या वाटेवर गाडी हप्त्याहप्त्याने हलकी होत आली. नळकांडं जिनिंगला, पेटी व्हॅनला. संध्याकाळी आप्पांच्या दारात मागची चाकं काढायला घेतली, तर आप्पा म्हणाले, "राहू दे रे दोन दिवस, मला घाई नाही. फक्त सोमवारी माझी पासिंग आहे आणि नव्या गाडीचा हॉर्न गेलाय. तुझा काढून दे."

मी पाना काढायला सीटखाली हात घातला, तर आधी वीट हाताला लागली. म्हटलं, "आप्पा, हॅन्डब्रेक पण हवा का?"

"तो आहे माझ्याकडे," आप्पा म्हणाले. "माझी अख्खी आहे. तुझी तर अर्धीच दिसते."