मोबाइल नंबर माझा, दंड सरकारी तिजोरीत

मोज्यांची जोडी घ्यायची तरी मोबाइल नंबर द्यावा लागतो. 'त्याशिवाय बिलच निघत नाही सर.' मागे रांग खोळंबलेली असते, काउंटरवरच्या पोरीशी वाद घालून उपयोग नसतो, म्हणून लोक सांगून मोकळे होतात. मी सांगत नाही. घरचे वैतागतात, पण नाही सांगत. अशी सक्ती ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवलं होतं. काउंटरपर्यंत ते अजून पोचलेलं दिसत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितलं ते २०१७ साली. म्हणजे कायदा यायला सहा वर्षं लागली. नियम तर नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. आणि त्यातही कंपन्यांना मुख्य जबाबदाऱ्या पाळायला दीड वर्षाची मुदत! म्हणजे २०२७ उजाडणार.

पण याच कायद्यातली एक तरतूद मात्र लगेच लागू झाली. माहिती अधिकार कायद्यात वैयक्तिक माहिती कधी नाकारता येते ते सांगणाऱ्या कलम ८(१)(ञ) मधली दुरुस्ती. तिला मुदतबिदत काही नाही. माझा खरा राग आहे तो इथे.

आधी त्या कलमात तोल होता. माहिती वैयक्तिक असेल आणि तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल, किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण ढवळाढवळ होणार असेल, तरच ती नाकारता येई. व्यापक जनहित असेल तर तीही द्यावी लागे. शिवाय, जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. आता उरलंय एवढंच: वैयक्तिक माहिती असेल तर सूट. आणि सरकारी कागदावर वैयक्तिक नसतं काय? घरकुल कुणाला मिळालं, हजेरीपटावर कुणाची नावं आहेत, ठेका कुणाला गेला, सगळीकडे माणसांचीच नावं असतात. कुलाब्याच्या आदर्श सोसायटीत मुख्य प्रश्न हाच तर होता, की फ्लॅट नेमके कुणाच्या नावावर आहेत! केंद्राच्या आधी स्वतःचा माहिती अधिकार कायदा करणाऱ्या महाराष्ट्रात तरी यावर जास्त आरडाओरडा व्हायला हवा होता.

डेटा कायद्याच्या बाकी भागातही हीच तऱ्हा. कंपनीला २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकतो, छान. पण तो भारताच्या संचित निधीत जमा होणार. ज्याचा डेटा फुटला त्याला भरपाई देण्याची सोय यात नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं भरपाईचं कलम ४३अ वगळण्याचीच तरतूद केलीय. तुम्ही क्षुल्लक तक्रार केलीत असं ठरलं, तर मात्र तुम्हाला दहा हजारांपर्यंत दंड. कलम १७(२) खाली केंद्र आपल्या हव्या त्या यंत्रणेला, देशाची सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्था अशी कारणं देऊन, या कायद्यातून बाहेर ठेवू शकतं. आणि तक्रारी ऐकणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाचे सदस्य नेमणार कोण, तर केंद्रच.

'लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला?' असं विचारणारे कमेंटमध्ये येतीलच. हा प्रश्न त्यांनी एकदा तहसील कार्यालयात विचारून बघावा.

माहिती अधिकाराचे अर्ज करणाऱ्यांसाठी: कलम ८(२) अजून शाबूत आहे. माहिती दिल्याने होणारं जनहित हे नुकसानीपेक्षा मोठं असेल, तर ती देता येते. अर्जातच या कलमाचा उल्लेख करा आणि जनहित काय ते दोन ओळींत लिहा. तरीही (ञ) दाखवून नकार आला, तर तीस दिवसांच्या आत पहिलं अपील टाका. नकाराचं पत्र आलं असेल तर नावगाव झाकून इथे खाली टाका, अपिलाचा मजकूर मिळून लिहू.