‘मोठ्या कार्बोरेटरचं काम येत नाही’ या अभिप्रायाला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार भाऊ. ‘मोठ्या कार्बोरेटरचं ट्युनिंग यांना येत नाही, अर्धा दिवस बसवून ठेवलं आणि जुनाच लावा म्हणाले,’ असं लिहून तुम्ही एक स्टार दिला. दुसऱ्या दुकानातून मोठा कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) आणि उघडा फिल्टर बसवून तुम्ही आमच्याकडे ट्युनिंगला आला होता. जुनाच लावा म्हणालो हे खरं आहे, आजही तेच म्हणतो. कारण इथंच लिहितो, म्हणजे दुसऱ्या पोरांचेही पैसे वाचतील.

तुमची स्प्लेंडर 97.2 सीसीची. फोर स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा ओढते. सिलिंडर दर वेळी पूर्ण भरतो असं धरलं तरी 8000 आरपीएमला मिनिटाला 390 लिटरच्या आतच. पांदणीनं कापसाचं गाठोडं घेऊन 3000 वर चालवता, तेव्हा तर जेमतेम 146 लिटर.

कार्बोरेटरच्या जेटमधून, म्हणजे बारीक भोकातून, पेट्रोल वर येते ते हवेच्या वेगानं. हवा जाते तो गळा अरुंद असला की तिथं हवा जोरात जाते, दाब पडतो, पेट्रोल ओढलं जाऊन त्याचा फवारा होतो. 20 मिलिमीटरच्या जागी 26 चा गळा घातला की जागा 1.69 पट होते. तेवढ्याच हवेचा वेग 60 टक्क्यांच्या खाली येतो आणि ओढ उरते साधारण एक तृतीयांश. म्हणून एक्सलेटर एकदम पिळला की तुमची गाडी आधी गुदमरते, मग झटका मारते. हे स्क्रू फिरवून जाणारं दुखणं नाही. झटका दाबायला त्या दुकानात मोठा जेट टाकला, त्यामुळं पेट्रोल जास्त होऊन प्लग काळा पडला. तो तुमच्यासमोरच काढला होता; बोटाला कोरडी काजळी लागली.

रेसिंगच्या गाडीला मोठा कार्बोरेटर चालतो, पण तिथं कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), पोर्ट (इंजिनात हवा जायची वाट), सायलेन्सर सगळंच बदललेलं असते.

मला खरी काळजी त्या उघड्या फिल्टरची वाटते. इनटेकच्या रबरात आतून पांढरं फडकं फिरवलं तेव्हा बारीक माती निघाली. ती पुढं पिस्टनवर जाते, रिंगा आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) घासते. शिवाय तो फिल्टर इंजिनजवळची तापलेली हवा ओढतो. 25 अंशांपेक्षा 45 अंशांची हवा सहा टक्के विरळ असते, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे.

जुना कार्बोरेटर आणि फिल्टरचा डबा घरी असेल तर भंगारात देऊ नका, घेऊन या. फिटिंग तुमच्यासमोर करतो आणि प्लगचा रंग पाहूनच गाडी हातात देतो.