डुलणारा हत्ती खुशीत असतो का?

2025 च्या जुलैमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील नांदणी मठाची महादेवी हत्तीण, म्हणजेच गावकऱ्यांची माधुरी, न्यायालयाच्या आदेशानंतर गुजरातेत हलवण्यात आली. तेव्हापासून एक युक्तिवाद सतत कानावर पडतो आहे. हत्ती गाईबैलांसारखाच पाळीव आहे, दारात उभा राहून तो डुलतो म्हणजे खुशीत आहे, माणसाच्या सांभाळात तो जंगलापेक्षा जास्त जगतो आणि रोगराई त्याच्या वाटेला जात नाही, असा तो युक्तिवाद. त्या एका हत्तिणीच्या खटल्याचा निवाडा मला येथे करायचा नाही, आणि तिला निरोप देताना रडलेल्या माणसांच्या मायेविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण माया खरी असली म्हणून ही चार विधाने खरी ठरत नाहीत.

पहिले विधान पाळीवपणाचे. गाय, बैल, कुत्रा हे प्राणी पाळीव झाले ते माणसाने असंख्य पिढ्या निवडून पैदास केली आणि त्यातून त्यांचा स्वभाव व शरीर बदलत गेले म्हणून. हत्तीच्या बाबतीत असे कधी घडले नाही. त्याला जंगलातून धरून आणायचे आणि माणसाळवायचे, हीच जुनी रीत. म्हैसूर संस्थानातील ‘खेडा’ पद्धतीत तर अख्खा कळप हाकून कुंपणात कोंडला जाई. दारातली हत्तीण माणसाळलेली असते, पण तिच्या गरजा रानातल्या हत्तिणीच्याच राहतात.

दुसरे विधान डुलण्याचे, आणि सर्वांत मोठा गैरसमज येथेच आहे. एकाच जागी उभे राहून डोके व सोंड तासन्‌तास एकाच लयीत हलवणे हे बंदिवासातील हत्तींत सर्रास आढळणारे, मानसिक कोंडीचे लक्षण मानले जाते. उत्तर अमेरिकेतील 39 प्राणिसंग्रहालयांतील 89 हत्तींच्या पाहणीचे निष्कर्ष 2016 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत असे दिसले की हत्तीला जितका जास्त वेळ एकटे ठेवले जाते तितके हे वर्तन वाढते, आणि सोबतीला लहान हत्ती असले की ते कमी होते. याचे कारण हत्तीच्या जगण्यातच आहे. हत्तिणी आयुष्यभर आई, मावश्या आणि बहिणींच्या कळपात राहतात. माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या खर्जात त्या एकमेकींशी बोलतात, हे प्राण्यांच्या आवाजाच्या अभ्यासक केटी पेन यांनी 1984 मध्ये पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयातून सुरू केलेल्या अभ्यासाने उघड झाले. थायलंडमधील 2014 च्या एका अभ्यासात तर घाबरलेल्या हत्तीजवळ दुसरा हत्ती येतो, त्याच्या अंगावरून सोंड फिरवतो आणि सोंडेचे टोक त्याच्या तोंडात घालून धीर देतो, हे नोंदवले गेले. एकट्या हत्तिणीच्या हाकेला ओ देणारे कोणी नसते. पाठीवरची झूल आणि भोवतालची गर्दी ती उणीव भरून काढत नाही.

एका मिरवणुकीत मी गर्दीमुळे हत्तिणीच्या मागच्या पायाशी ढकलला गेलो होतो. सगळे तिच्या रंगवलेल्या सोंडेकडे पाहत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे होते तिचे नख, मधोमध उभे चिरलेले, कडेला ओलसर काळपट. त्याचा अर्थ मला पुष्कळ उशिरा कळला. हत्ती चवड्यावर चालतो; टाचेखाली चरबीची आणि तंतूंची जाड गादी असते, तिच्यावर कित्येक टनांचा भार पेलला जातो. तळव्याची कातडी आणि नखे सतत वाढत असतात आणि रानात मैलोन्‌मैल चालण्याने ती झिजतात. सिमेंटच्या ओट्यावर साखळीने बांधले की झीज थांबते, भेगा पडतात, त्यांत शेण आणि मूत्र मुरते, गळू होते, आणि संसर्ग हाडापर्यंत पोचला तर तो जिवावर बेततो. बंदिवासातील हत्तींच्या मृत्यूंत पायाच्या दुखण्यांचा वाटा मोठा आहे.

तिसरे विधान आयुर्मानाचे. 2008 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार युरोपातील प्राणिसंग्रहालयांत जन्मलेल्या आशियाई हत्तिणींचे मध्यक आयुष्य (म्हणजे निम्म्या हत्तिणी जे वय गाठतात ते) 18.9 वर्षे होते, तर म्यानमारच्या सरकारी लाकूड व्यवसायात राबणाऱ्या हत्तिणींचे 41.7 वर्षे. म्यानमारचे हत्तीही माणसाच्याच ताब्यातले, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. मात्र ते दिवसा काम करतात आणि रात्री जंगलात चरायला, आपल्या जातभाईंत मिसळायला सोडले जातात. त्यांच्यातही रानातून धरून आणलेले हत्ती ताब्यातच जन्मलेल्यांपेक्षा काही वर्षे कमी जगतात, असे 2018 मध्ये पाच हजारांहून अधिक हत्तींच्या नोंदींवरून दिसून आले. मठातून काढून कोणत्याही प्राणिसंग्रहालयात नेले की प्रश्न सुटला, असे मानणाऱ्यांनीही हे आकडे नीट वाचावेत.

राहिले रोगराईचे. हत्तीला कर्करोग होत नाही, हे अर्धसत्य आहे. पेशींतील बिघाड रोखणाऱ्या एका जनुकाच्या हत्तीत 20 प्रती असतात, माणसात एकच. त्यामुळे हत्तींत कर्करोगाने मृत्यू कमी होतात, पण होतात. खरी काळजी क्षयाची आहे. हत्तींत आढळणारा क्षय बहुतेक वेळा माणसाच्याच क्षयाच्या जंतूंचा असतो, म्हणजे तो आपल्याकडून त्यांच्याकडे जातो. तपासणीसाठी हत्तीच्या सोंडेत मिठाचे निर्जंतुक पाणी ओततात, त्याला सोंड वर धरायला लावतात आणि मग ते पाणी पिशवीत फुंकायला लावतात. वेगवेगळ्या तीन दिवशी असे नमुने घेतले जातात. जेथे जेथे हत्ती माणसांत ठेवला आहे, तेथे ही तपासणी दरवर्षी झाली पाहिजे, आणि त्याच वेळी त्याच्या शेजारी झोपणाऱ्या माहुताच्या थुंकीचीही तपासणी सरकारी खर्चाने झाली पाहिजे.