थर्माकोलचं खोकं आणि दुकानातली ३० अंडी

मार्चच्या शेवटी दाजींनी माहेरच्या ग्रुपवर एक संदेश पुढे ढकलला. तुमच्याकडेही आला असेल, कारण नंतर तो मला सासरच्या आणि मुलाच्या शाळेच्या ग्रुपवरही भेटला. मजकूर थोडक्यात असा: थर्माकोलचं रिकामं खोकं घ्या, त्यात ६० चा बल्ब लावा, दुकानातली ३० अंडी स्वच्छ धुऊन ठेवा. टोकदार अंडी वगळा, त्यातून कोंबडे निघतात. तापमान ३७ ते ४० मध्ये कुठेही चालतं. पाण्याची वाटी सतत भरलेली ठेवा. ढग गडगडले की पिल्लं आतच मरतात, म्हणून पावसाळा टाळा. एकविसाव्या दिवशी ३० पिल्लं. एखादं अडकलं तर टरफल सोलून काढा. महिन्याला ३० हजार कुठे गेले नाहीत.

दाजी नुसते संदेश पाठवून थांबणारे नव्हेत. मी लातूरला गेले तेव्हा आतल्या खोलीत खोकं सुरू होतं आणि नववा दिवस चालू होता. माझं सासर चिपळूणजवळ. सासूबाईंच्या कोंबड्या आणि माझं छोटं मशीन यांच्यात माझी सहा-सात वर्षं गेली आहेत, त्यामुळे ताईने मला थेट खोक्यापाशी नेलं. खोली अंधारी केली, पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडलं, त्याखाली मोबाईलची बॅटरी लावली आणि वर एकेक अंडं धरलं. सातव्या दिवसानंतर जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात, मध्ये एक काळा ठिपका हलतो. दाजींची तीसच्या तीस अंडी कागदी कंदिलासारखी स्वच्छ उजळली. आत काही नव्हतंच.

असायला हवं तरी का होतं? दुकानातलं पांढरं अंडं येतं लेयर फार्मवरून, म्हणजे फक्त अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथून. तिथे पिंजऱ्यात फक्त माद्या असतात. कोंबडी कोंबड्याशिवायही अंडी घालते, पण ती फळलेली नसतात, त्यांना ३७.५ अंशांत ठेवा नाहीतर सोन्याच्या पेटीत ठेवा. तपकिरी टरफल म्हणजे गावरान, हेही खरं नाही. टरफलाचा रंग जातीवर असतो आणि तपकिरी अंड्यांच्या संकरित लेयरही पिंजऱ्यातच राहतात. बलकावर रक्ताचा ठिपका दिसला की लोक म्हणतात ‘बघा, जीव धरला होता’. तो ठिपका कोंबडीच्या अंगात अंडं तयार होताना एखादी बारीक शीर फुटल्याचा असतो. जीव धरण्याशी त्याचा संबंध नाही.

दाजींनी लगेच मोबाईलवर बातमी काढून दाखवली: ब्रिटनमध्ये २०२० साली एका बाईने सुपरमार्केटमधल्या अंड्यांतून पिल्लं काढली. बातमी खरी आहे. पण ती बदकाची अंडी होती, मोकळ्यावर फिरणाऱ्या बदकांची. बदकांत नर-मादी ओळखणं अवघड, त्यामुळे कळपात एखादा नर राहून जातो. लेयरच्या पिंजऱ्यात असा चुकार कोंबडा शिरत नाही.

तेव्हा अंडी आणायची ती जिथे कोंबडा फिरतो तिथून, किंवा उबवणी केंद्रातून. आणि आणल्यावर ती कशी ठेवता यावरच निम्मं ठरतं. संदेशात याबद्दल एक अक्षर नाही. कोंबडी रोज एक अंडं घालते, पण दहा-बारा जमेपर्यंत त्यांवर बसत नाही. तोवर अंडी थंड राहतात, आतला जीव झोपून राहतो, आणि ती खुडूक बसली की सगळे एकाच दिवशी जागे होतात, म्हणून एकाच दिवशी फुटतात. साधारण २०-२१ अंशांच्या खाली ही झोप टिकते. लातूरच्या एप्रिलमध्ये घरातली टोपलीच तिशी ओलांडते. तिथे आठवडाभर ठेवलेल्या अंड्यात जीव अर्धवट जागा होतो आणि मशीनमध्ये जायच्या आधीच संपतो. मग मशीनला शिव्या. अंडी १५ ते १८ अंशांत, बोथट टोक वर करून, जास्तीत जास्त सात दिवस ठेवावीत. उन्हाळ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या माठाच्या कुशीत ठेवून निदान तीन-चार दिवसांत तरी बसवावीत. आठ दिवसांची टोपली तर मी उन्हाळ्यात फुकट दिली तरी घेत नाही.

धुण्याबद्दल एवढंच: धुऊ नका. टरफलाला हजारो छिद्रं असतात आणि त्यांवर कोंबडीने दिलेला एक पातळ थर असतो. थंड पाण्याने आतलं आकसतं आणि बाहेरची घाण छिद्रांतून आत ओढली जाते. विष्ठा लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, फार माखलेलं अंडं तव्यावर जाऊ द्या.

टोकदार अंड्याचा मुद्दा मला सर्वांत आवडतो, कारण तो जुनाट आहे. अ‍ॅरिस्टॉटलनेही हे लिहून ठेवलंय, फक्त उलटं: लांबट टोकदार अंड्यांतून माद्या, गोल अंड्यांतून नर. दोन हजार वर्षांत दोन्ही बाजूंनी तितकीच खात्री! माणसांत लिंग बापाकडून ठरतं, पक्ष्यांत आईकडून. कोंबडीच्या बीजात झेड किंवा डब्ल्यू यांतलं एक गुणसूत्र असतं. डब्ल्यू असेल तर तलंग, झेड असेल तर कोंबडा. टरफल चढायच्या कितीतरी आधी हा निकाल लागलेला असतो. टरफलाचा आकार नंतर अंडवाहिनीत ठरतो. तापमान कमी-जास्त करून माद्या काढण्याचा सल्लाही फिरतो. ते मगरी-कासवांत होतं, कोंबड्यांत नाही. टोकदार अंडी न बसवण्याला एक कारण मात्र आहे: फार लांबट, वेडंवाकडं किंवा खूप मोठं अंडं पिल्लाला नीट वळू देत नाही. पण ते कोंबडा-कोंबडी दोघांनाही लागू.

आता तापमान. ‘३७ ते ४० मध्ये कुठेही’ हे लिहिणाऱ्याने कधी २१ दिवस वाट पाहिली नसावी. आत पंखा असेल तर ३७.५. पंखा नसेल तर गरम हवा वर चढते, म्हणून अंड्यांच्या माथ्याच्या उंचीवर ३८.५ च्या आसपास. दाजींचा थर्मामीटर झाकणाला चिकटवला होता, म्हणजे ते खोक्याच्या छताला ताप आलाय का ते पाहत होते. अर्धा अंश कमी पडला तर पिल्लं एक-दोन दिवस उशिरा येतात. अर्धा-एक अंश सतत जास्त झाला तर ती लवकर आणि अधू येतात, आणि चाळिशीत काही तास गेले की संपलं. त्यामुळे चुकायचंच असेल तर खालच्या बाजूला चुका. लातूरच्या मे महिन्यात खोलीच ४० ला जाते, तेव्हा बल्ब बंद करूनही उपयोग नाही.

दाजी म्हणाले, ‘पूर्वी कुठे होते थर्मामीटर?’ बरोबर. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत शतकानुशतकं हजारोंनी अंडी उबवली गेली आणि तिथले कारागीर अंडं पापणीला लावून ऊब जोखत. पण ते ज्ञान बापाकडून मुलाकडे जायचं, फॉरवर्डमधून नाही. आपण आपले डब्ल्यू-१२०९ सारखं, ठरलेल्या तापमानाला बल्ब आपोआप बंद-चालू करणारं बारीक थर्मोस्टॅट सर्किट लावावं आणि त्यावरचा आकडाही तसाच मानू नये. घरातला तापाचा डिजिटल थर्मामीटर नेमका याच टप्प्यात अचूक असतो, त्याच्याशी ताडून पाहावं. एलईडी बल्ब लावू नका, त्याची ऊब पुरत नाही. आणि साधा बल्ब थर्माकोलला टेकू देऊ नका. थर्माकोल वितळतो आणि पेटतोही.

वाटीभर पाणी हा संदेशातला सर्वांत फसवा सल्ला, कारण तो अर्ध्या महाराष्ट्रात खरा आहे. पहिले १८ दिवस आतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास हवी, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. अंड्यातलं पाणी टरफलातून उडायलाच हवं: अठराव्या दिवसापर्यंत वजनाच्या १२-१३ टक्के, म्हणजे ५० ग्रॅमच्या अंड्यात सहा-साडेसहा ग्रॅम. त्याने बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते आणि पिल्लू पहिला श्वास तिथेच घेतो. पाणी उडालं नाही तर पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू आत गुदमरतं.

आता आमचं चिपळूण बघा. जुलैत बाहेर २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता. तीच हवा खोक्यात ३७.५ पर्यंत तापली की तिची आर्द्रता ४७ टक्क्यांवर येते. वाटीची गरजच नाही! माझ्या पहिल्या पावसाळ्यात मी असाच कुठलासा सल्ला वाचून वाटी भरत राहिले. चोवीस अंड्यांतून चार पिल्लं निघाली. उरलेली फोडली तर बहुतेक आत पूर्ण वाढलेली, ओली, सुजलेली. लातूरला एप्रिलच्या दुपारी २० टक्के आर्द्रता असते, तिथे एक वाटी पुरत नाही, ओलं फडकं पसरून पृष्ठभाग वाढवावा लागतो. डिसेंबरच्या रात्री १४ अंशांची हवा ३७.५ ला नेली की पंधरा टक्क्यांच्या आसपास उरते, तेव्हाही तेच. त्यामुळे वाटी भरायची की नाही हे वजनकाट्याला विचारा: दर चार-पाच दिवसांनी अंडी तोला. स्वस्त आर्द्रतामापकावर विश्वास नसेल तर बाटलीच्या टोपणात मीठ घ्या, ते भिजेल पण विरघळणार नाही इतकंच पाणी घाला आणि मापकासह सात-आठ तास बंद पिशवीत ठेवा. त्याने ७५ दाखवायला हवेत. जेवढा फरक, तेवढी त्याची खोट.

संदेशात नसलेली गोष्ट म्हणजे अंडी फिरवणं. अंडं एकाच कुशीवर राहिलं तर बलक वर तरंगतो आणि गर्भ आतल्या पडद्याला चिकटतो. कोंबडी दिवसात कितीदा तरी चोचीने अंडी सरकवते. आपण एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा पेन्सिलने काढावा आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावं. विषम आकडा अशासाठी की लांबलचक रात्र रोज वेगवेगळ्या कुशीवर जावी. अठराव्या दिवसापासून फिरवणं बंद. तेव्हा पिल्लू डोकं पोकळीकडे करून बसलेलं असतं.

ढगांच्या गडगडाटाबद्दल सासूबाईंचंही तेच मत. त्या खुडूक कोंबडीखाली आजही लोखंडाचा खिळा ठेवतात आणि मी तो काढत नाही. पण वळवाच्या पावसात काय होतं ते पाहा: वीज जाते, कधी रात्रभर. खोकं थंड पडतं, घाबरून कोणीतरी पाच-पाच मिनिटांनी झाकण उघडतं, आणि दोष जातो ढगांना. कोंबडीसुद्धा रोज पंधरा-वीस मिनिटं दाणे टिपायला उठतेच. दोन-तीन तास वीज गेली तर झाकण न उघडता वरून गोधडी टाका. शेवटच्या आठवड्यात पिल्लं स्वतःची ऊब धरतात, तेव्हा आणखी बरं.

टरफल सोलायच्या सल्ल्यावर मात्र मला खरा राग येतो. पिल्लू टरफलाला पहिली भेग पाडतं आणि मग बारा-अठरा, कधी चोवीस तास नुसतं पडून राहतं. बाहेरून वाटतं अडकलं. आत तेव्हा उरलेला बलक पोटात ओढला जात असतो आणि पडद्यातल्या शिरांमधलं रक्त अंगात परतत असतं. त्या वेळी सोललंत तर रक्त येतं, बलक बाहेर लोंबतो आणि पिल्लू तुमच्या हातात जातं. बघायला झाकण उघडणंही महागात पडतं: ओलावा निघून जातो, पडदा सुकून पिल्लाला आवळतो, आणि मग ते खरंच अडकतं. घाई कसलीच नसते. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस दाणापाण्याशिवाय काढतं.

राहता राहिले ३० हजार. एका खोक्यातून महिन्याला एक खेप. ३० चांगल्या अंड्यांतून २० पिल्लं निघाली तर नवख्याने खूश व्हावं. म्हणजे एकेक पिल्लू दीड हजाराला विकावं लागेल. त्यात पहिल्या आठवड्यात ३५ अंशांची ऊब, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी; मानमोडी रोगावरची (राणीखेत) लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी, पुढे गंबोरो या दुसऱ्या रोगाची. लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त पिल्लांची असते आणि पाण्यात कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, २० पिल्लं असोत की २००. कोंबडे निघाले म्हणून तोटा होतो हेही नाही; गावरान कोंबड्याला आपल्याकडे गिऱ्हाईक आहे. पण घरबसल्या हमखास उत्पन्न हे शब्द वाचले की २०१९ चं इस्लामपूरचं कडकनाथ प्रकरण आठवावं. ‘पिल्लं आम्ही देतो, अंडी-कोंबड्या आम्हीच परत घेतो’ या शब्दावर शेतकऱ्यांनी लाखो रुपये घातले आणि परत घ्यायला कोणी आलं नाही.

दाजींनी जुलैत पुन्हा अंडी बसवली, या वेळी शेजारच्या मळ्यातली १२. त्यांतलं एकही धुतलं नाही. दोन रिकामी निघाली, एकात रक्ताचं कडं दिसलं, म्हणजे गर्भ सुरुवातीलाच मेला होता, एक आत मेलं, आठ पिल्लं बाहेर आली. टोकदार अंड्यांचं मला खोटं पाडायचंच म्हणून त्यांनी तशी चार अंडी मुद्दाम ठेवून त्यांवर ‘टो’ लिहिलं होतं. पण एकविसाव्या रात्री त्यांना झोप लागली आणि सकाळी आठही पिल्लं टरफलांत एकत्र नाचत होती. कुठलं कुठल्या अंड्यातलं, देव जाणे. पुढच्या खेपेला ते ‘टो’ अंडी वेगळ्या जाळीत ठेवणार आहेत आणि निघालेल्या पिल्लांच्या पायात लाल दोरा बांधणार आहेत.