कायद्याची पदवी आणि कोर्टाची पायरी

मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचे (फिरत्या खंडपीठाचे) काम 18 ऑगस्ट 2025 रोजी कोल्हापुरात सुरू झाले, तेव्हापासून घरच्यांशी फोनवर बोलताना कायद्याच्या पदवीचा विषय हमखास निघतो. बारावीनंतर पाच वर्षे कशाला, तीन पुरेत, असे एक मत. पदवीनंतरचा तीन वर्षांचा एलएलबीच बंद करावा, असे दुसरे. यातली पहिली मागणी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली होती आणि न्यायालयाने तिची दखल घेण्यास नकार दिला. मी शिकागोत राहतो, त्यामुळे ‘तुमच्याकडे कसे असते?’ हा प्रश्न ओघाने येतोच.

इथे आधी साधारण चार वर्षांची पदवी, मग तीन वर्षांची जेडी (ज्युरिस डॉक्टर) ही कायद्याची पदवी आणि त्यानंतर वकिलीच्या परवान्यासाठी राज्याची बार परीक्षा. खर्च इतका, की बहुतेक मुले कर्ज काढूनच शिकतात. ही पद्धत आपल्याकडे आणावी, असे मला अजिबात वाटत नाही. शेती किंवा नोकरी करून तिशी-चाळिशीत वकिलीकडे वळलेली माणसे कागल-गडहिंग्लजच्या कोर्टांत दिसतात, ती तीन वर्षांच्या एलएलबीमुळेच. तो बंद झाला तर नुकसान त्यांचे आणि त्यांच्या पक्षकारांचेही आहे.

घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. अमेरिकन बार असोसिएशन या तिथल्या वकिलांच्या संघटनेच्या निकषांनुसार जेडीला किमान 83 क्रेडिट (अभ्यासाच्या तासांवर मोजलेले श्रेयांक) लागतात आणि त्यांपैकी निदान सहा प्रत्यक्ष कामाच्या अभ्यासक्रमांतून मिळवावी लागतात. विधी साहाय्य केंद्रात घर खाली करण्याची नोटीस घेऊन भाडेकरू येतो, विद्यार्थी त्याची हकीकत लिहून घेतो, उत्तराचा मसुदा करतो आणि प्राध्यापक तो खाडाखोड करून परत देतात, कधी दोनदा, कधी तीनदा. पुरेसा अभ्यासक्रम झालेल्या विद्यार्थ्याला मर्यादित परवान्यावर न्यायालयात उभेही राहता येते; शेजारी जबाबदार वकील असतो.

आपल्याकडे कागदावर काही कमी नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांत प्रात्यक्षिकाच्या चार विषयपत्रिका आहेत, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20 आठवडे इंटर्नशिप आहे. पण इंटर्नशिपच्या कामाची नोंद ठेवायची डायरी कित्येकदा एका बैठकीत भरली जाते आणि ओळखीतल्या वकिलांची सही मिळते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कनिष्ठ न्यायाधीशपदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. मला तरी त्यात या पदवीवरचा अविश्वासच दिसतो.

कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला आता जिल्हा न्यायालय आणि सर्किट बेंच एकाच शहरात आहे. त्याने वाटपाच्या एका दाव्याचा मसुदा सातबारा आणि फेरफार समोर ठेवून करावा, प्रतिवादीची कैफियत लिहावी आणि गुण डायरीला न मिळता त्या दुरुस्त केलेल्या मसुद्यांना मिळावेत. तपासायचे कोणी, ही अडचण खरी आहे, कारण पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला सहसा वकिली करता येत नाही. मात्र वकिली करणाऱ्याला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवण्याची मुभा वकिलांच्या अध्यापनाविषयीच्या 1979 च्या नियमांनीच दिलेली आहे. तेव्हा महाविद्यालयांनी बारमधल्या अनुभवी वकिलांना मानाच्या व्याख्यानापुरते न बोलावता रीतसर मानधन देऊन मसुदे तपासायला बसवावे, आणि ती रक्कम अंदाजपत्रकात आधी धरावी.