सगळं पॅकेजमध्ये आहे

साडू दुबईत असायला नशीब लागतं असं सगळे म्हणतात, ज्यांचा साडू दुबईत नाही ते तर फारच म्हणतात. आमचा आहे. ११ वर्षं झाली, आणि ११ वर्षं तो फोनवर "या हो एकदा" म्हणतोय आणि मी कधी मुलाची परीक्षा, कधी मार्च एंड, कधी गुडघा असं काहीबाही पुढे करून निभावून नेत होतो. यंदा डिसेंबरात बायकोने मला न विचारता तिकिटं काढली. मी, बायको, नववीतला मुलगा आणि ७४ वर्षांच्या सासूबाई.

पहिले दोन दिवस मॉल झाले, बुर्ज खलिफा झाला (८२८ मीटर, मी खालूनच बघितला, मान दुखली), आणि तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना साडूने डिक्लेअर केलं, उद्या डेझर्ट सफारी. गाडी, टेकड्या, उंट, ससाणा, मेंदी, बार्बेक्यू, तीन-तीन डान्स, सगळं पॅकेजमध्ये आहे. आता हे वाक्य साडूच्या तोंडी निरुपद्रवी वाटतं, पण माझ्या सासुरवाडीत "पॅकेजमध्ये आहे" याचा अर्थ "यातलं एकही सोडायचं नाही, पैसे मोजलेत" असा होतो. लग्नातल्या बुफेत या लोकांना बघितलंय मी.

बरं, वाळवंटात बघायचं काय, तर वाळू. आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर सात महिने वाळूचा ढीग पडलाय, त्याच्याकडे मांजरांशिवाय कोणी ढुंकून बघत नाही. पण हे बोलायची सोय नव्हती.

दुपारी तीनला लँड क्रूझर आली. साडूची मुलगी, सहावीतली, म्हणाली मी नाही येत. चार वेळा जाऊन आलीये म्हणे, पाहुणे आले की हे ठरलेलंच. निघताना तिने दारात माझ्या हातात एक रिकामी पिशवी दिली, "काका, असू दे तुमच्याकडे." मला वाटलं जाता जाता कचऱ्यात टाकायला दिलीये की काय. मी तिची नीट घडी घातली आणि शू-रॅकवर ठेवली.

गाडीत साडू पुढे बसला, रस्ता दाखवायला, म्हणजे जो ड्रायव्हर रोज त्याच रस्त्याने जातो त्याला. मधल्या सीटवर दोघी बहिणी आणि मुलगा. मागे, जिथे आपण घरी बॅगा ठेवतो, तिथे मी आणि सासूबाई. ड्रायव्हर मुल्तानचा, चांगला उंचापुरा, त्याने आरशातून माझ्याकडे बघून विचारलं, "भाईजान, खाना खाया?" मी म्हटलं हां, खाया. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "क्यों खाया?"

हत्ताकडे जाणाऱ्या हायवेने शहर मागे पडलं आणि लाहबाबच्या आसपास वाळूचा रंग एकदम बदलला, फिकट पिवळ्याचा लाल झाला. लोखंडाच्या गंजाचा रंग तो, वाळूच्या कणांवर पुटं चढलेली असतात. सासूबाई खिडकीला नाक लावून म्हणाल्या, "अगदी आमच्या राजापुरासारखी गो." आणि तसं बघायला गेलं तर बरोबरच, जांभ्याची लाली पण लोखंडाचीच.

मग एक थांबा. टायरमधली हवा कमी करायला. हवा कमी म्हणजे फार कमी, पस्तीसच्या आसपास असते ती पंधरापर्यंत आणतात, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूत रुतत नाही. मी आयुष्यभर हवा भरून घेण्यासाठी पंपावर रांगा लावल्यात, इथे माणूस पैसे घेऊन हवा सोडत होता. ड्रायव्हर म्हणाला, "ऊंट का पाँव देखा है? वही काम." ते पटलं. बाकी त्या थांब्यावर जे जे होतं ते पॅकेजमध्ये नव्हतं. क्वाड बाइक नाही, थंड पाणी नाही, आणि डोक्याला बांधायचं चौकटीचौकटीचं फडकं नाही. पण फडकं बांधल्याशिवाय फोटो काय कामाचे, म्हणून दोघी बहिणींनी घासाघीस करून सगळ्यांना एकेक घेतलं, ४० दिरहमला एक. दिरहमला बावीस-पंचवीसने गुणायची सवय मी पहिल्याच दिवशी सोडली होती, तब्येतीला बरं नसतं. ते बांधून बाकीचे अरब दिसत होते, मी दाढ दुखणारा पेशंट दिसत होतो.

तिथेच एक झाड होतं. सासूबाई त्याच्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि हात जोडले. "शमी आहे." साडू म्हणाला, नाही हो आई, हे घाफ, इथलं राष्ट्रीय झाड. ड्रायव्हर म्हणाला हमारे मुल्तान में इसको जंड बोलते हैं. तिघंही हट्टाला पेटलेले. मुलाने फोनवर शोधलं तर तिघांचंही बरोबर, एकच झाड, राजस्थानात त्यालाच खेजडी म्हणतात. सासूबाईंनी खाली पडलेली चार पानं उचलून पर्समध्ये टाकली आणि विजयी मुद्रेने गाडीत चढल्या. त्या दिवसातला हा एकच भाग मला मनापासून आवडला, कारण त्या वेळी गाडी उभी होती.

आता ड्यून बॅशिंग. मराठीत याला काय म्हणतात मला माहीत नाही, आपल्या पूर्वजांना असलं काही करावंसं वाटलं नसावं. टेकडीची एक बाजू सावकाश चढणीची असते, वाऱ्याने ढकललेली, आणि पलीकडची एकदम खाली कोसळणारी. मुलाने आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं की कोरडी वाळू साधारण ३४ अंशांपर्यंत तग धरते, त्याहून तिरकी झाली की घसरते. हे त्याने आम्ही माथ्यावर असताना सांगितलं. ३४ अंश कंपासपेटीतल्या कोनमापकावर काहीच वाटत नाहीत हो, पण गाडीचं नाक खाली, समोर काचेत आकाश नाही, जमीनही नाही, नुसती लाल भिंत, आणि तुम्ही मागच्या सीटवर पट्ट्याला लोंबकळताय, तेव्हा ते ३४ अंश एकेक करून मोजून घेता येतात. खाली पोचतोय म्हणेपर्यंत गाडी आडवी, मग तिरकी, वाळूचा फवारा खिडकीवर, पुढे दोघी बहिणी किंचाळतायत पण हसतायत, साडू "बाएँ से, बाएँ से" म्हणून रस्ता दाखवतोय.

याचं शास्त्र असं आहे की कानाच्या आत तोल सांभाळणारं जे काही असतं ते ओरडून सांगतं आपण पडतोय, आणि डोळे समोरच्या सीटची पाठ बघून म्हणतात कुठे काय, आपण तर बसलोय. या दोघांच्या भांडणात पोट मार खातं, मध्यस्थासारखं. ड्रायव्हरला काही होत नाही कारण पुढचा धक्का त्याला आधीच माहीत असतो. मला फक्त मागचा माहीत होता. उलटीची गोळी निघायच्या आधी अर्धा-एक तास घ्यायची असते ही माहिती बायकोने मला तिसऱ्या टेकडीवर दिली.

आणि शेजारी सासूबाई. हातात खजुराची पुडी, मांडीवर पर्स, चेहऱ्यावर निवांतपणा. मी "आई गं" म्हटलं तर म्हणाल्या, "ओरडू नका हो जावईबापू, त्याचं लक्ष जाईल." मग थोड्या वेळाने, "आमच्या वेळी राजापूर-कोल्हापूर एसटी याहून हलायची. मांडीवर दोन मुली आणि वर कोंबडी." आणि मला खजूर दिला. खजूर मी का घेतला मला आजही कळलेलं नाही. पुढचं सविस्तर लिहीत नाही. एवढंच सांगतो की गाडी थांबली आणि मी उतरलो तेव्हा माझ्या डोक्यावर फडकं नव्हतं.

सूर्यास्त झाला. छान झाला असेल. फोटोत सगळे फडकी बांधून हात पसरून उभे आहेत आणि डावीकडे बोडक्या डोक्याचा एक माणूस वाळूत बसलाय, तो मी.

कॅम्पच्या दारातच उंट. मी म्हटलं मी खाली थांबतो, सामान सांभाळतो. तर मेहुणी म्हणाली, "असं कसं भाऊजी, पॅकेजमध्ये आहे!" झालं. उंट बसलेला असतो तेव्हा फार सभ्य प्राणी वाटतो. उठताना मात्र तो आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे तुम्ही पुढे त्याच्या मानेवरून प्रणाम करता, मग पुढचे उचलतो, तेव्हा मागे आकाश बघता, आणि हे कोणी आधी सांगत नाही, म्हणजे सांगतात पण अरबीत. चालतो तोही सरळ नाही, एका बाजूचे दोन्ही पाय बरोबर, मग दुसऱ्या बाजूचे दोन्ही, म्हणून वरचा माणूस होडीतल्यासारखा डुलत राहतो. वाळवंटातलं जहाज का म्हणतात ते शाळेत कळलं नव्हतं, आता बोट लागली तेव्हा कळलं. आणि उंटावरचा शहाणा कोण हेही कळलं. तो वर नसतोच, तो खाली उभा राहून व्हिडिओ काढत असतो, इथे माझा मुलगा. फेरी दीड मिनिटाची. सासूबाईंनी उतरल्यावर विचारलं, परत बसता येतं का.

मग ससाणा. हातात चामड्याचा मोजा घालायचा आणि त्यावर तो पक्षी, डोळ्यांवर टोपी. इथल्या ससाण्यांना परदेशात न्यायला स्वतंत्र पासपोर्ट असतो, ही थाप नाही, खरंच असतो. त्याच्या बोटांची पकड माझ्या मनगटावर होती तोवर मी श्वास घेतला नाही, आणि मग कळलं की ससाणा हातावर घेणं पॅकेजमध्ये आहे, फोटो नाही.

आत गालिचे, लोड, बुटकी टेबलं. एकजण पितळी सुरई घेऊन फिरत होता, त्यातून बिनदांड्याच्या इवल्याशा कपात गहवा, म्हणजे वेलची घातलेली अरबी कॉफी, दूध नाही साखर नाही. मला वाटलं पोटाला बरं पडेल, प्यायलो. कप खाली होताच त्याने भरला. नाही कसं म्हणायचं, पाहुणचार आहे, परत प्यायलो. परत भरला. असे सात झाले. माझे डोळे आता ससाण्यासारखे झाले होते, टोपीशिवाय. सासूबाईंनी मात्र एकच कप घेतला, खालचा गाळ झटकायला म्हणून तो हलवला आणि तो माणूस मान लववून पुढे गेला. नंतर साडूने सांगितलं, बास असेल तर कप हलवायचा असतो, इथली रीत आहे. नंतर. सात कपांनंतर.

जेवणाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, मी हमूसची वाटी घेऊन बसलो होतो आणि आमची मंडळी तिसऱ्यांदा रांगेत होती. स्टेजवर तनुरा सुरू झाला. हा मूळचा इजिप्तकडचा नाच, तनुरा म्हणजे घागरा, आणि माणूस तो रंगीत घागरा घालून एकाच दिशेने गिरक्या घेत राहतो, घेत राहतो, घेत राहतो, मग घाघऱ्यातले दिवे लागतात आणि तो तरीही थांबत नाही. दिवसभरात ज्याला एकदाही चक्कर आली नव्हती असा तो आणि सासूबाई, दोघेच. मी तंबूच्या खांबाकडे बघत बसलो, खांब स्थिर होता, खांब चांगला होता.

त्यानंतर बेली डान्स. बायको शेजारी, मेहुणी समोर, सासूबाई मध्ये, मुलगा नववीत. या परिस्थितीत मराठी पुरुषाने कुठे बघायचं असतं? मी हमूसमध्ये बघितलं. साडूने मोबाइलमध्ये बघितलं. मुलाने सगळीकडे बघितलं. दोन मिनिटं आमच्या गालिच्यावर अशी शांतता की बस, आणि मग सासूबाई म्हणाल्या, "पोटाला व्यायाम चांगला आहे हं हा. जावईबापू, शिकून घ्या."

शेवटी पाच मिनिटं सगळे दिवे बंद केले, तारे बघायला. खरंच खूप तारे होते. मी मान वर करून ते मोजत होतो कारण थंडी सणसणून वाजत होती, आणि जे गुंडाळून घेता आलं असतं ते फडकं माझ्याकडे आता नव्हतं, म्हणजे होतं, पण गाडीत मागे, गाठ मारून.

घरी पोचायला साडेदहा झाले. बूट काढले तर दारात छोटी टेकडी तयार झाली, ३४ अंशांची. साडूची मुलगी जागीच होती. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग शू-रॅककडे.

"काका, पिशवी इथेच राहिली. मागे बसवलं होतं ना तुम्हाला?"

मी मान हलवली.

"मग कशात...?"

मी काही बोलायच्या आत सासूबाई माझ्या हातातली ती गाठ मारलेली चौकटी-चौकटीची पुरचुंडी काढून घेऊन बाथरूमकडे निघाल्या. "डेटॉलमध्ये भिजत घालते रात्रभर," त्या आतून म्हणाल्या, "टाकू नका हो. चाळीस मोजलेत."